द्रमशॅनीच्या शाळेखालचं सोनं

द्रमशॅनीच्या शाळेत नवीन पोर आलं की त्याला अक्षरांच्या आधी जमीन शिकवावी लागे. दारातून आत पाऊल टाकलं की पहिल्या दोन फळ्या भक्कम. तिसरी ओलांडायची. चौथीवर फक्त डाव्या कडेने. खिडकीखालच्या दोन फळ्यांचं तर नावच काढायचं नाही. तिथे एकदा दुसरीतला एक मुलगा कमरेपर्यंत खाली गेला होता आणि त्याला उपसून काढेपर्यंत बाकीच्यांचे सातापासून नवापर्यंतचे पाढे म्हणून झाले होते.

हेडमास्तर थेडी गिलरेन यांना या जमिनीने नऊ वर्षांत म्हातारं केलं होतं. माणूस उंच, सडसडीत, सेहेचाळीस वर्षांचा, पण चालताना पाय असा चाचपत टाकायचा की परगावी त्यांना लोक आंधळे समजून रस्ता ओलांडून देत. शाळा सरकारची म्हणायची, पण तिचा कारभार गावच्या मुख्य पाद्र्याच्या, म्हणजे कॅनन प्रंटींच्या हातात. मास्तर दर वर्षी त्यांना जमिनीबद्दल पत्र लिहीत. कॅनन दर वर्षी रविवारच्या प्रार्थनेनंतर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "पुढच्या वर्षी बघू, थेडी. यंदा छपराचं निघालंय." एका वर्षी चर्चचं छप्पर, एका वर्षी घंटा, एका वर्षी कॅननची मोटार. स्वतः कॅनन महिन्यातून एकदा शाळेत येत, पण उंबऱ्याच्या आत येत नसत. वजनदार माणूस. दारातूनच मुलांना आशीर्वाद देत आणि दारातूनच परत जात.

गावकऱ्यांकडे जावं, तर ते म्हणत, "आम्ही नाही का त्याच जमिनीवर शिकलो? आमचं काय वाकडं झालं?" यावर मास्तर त्यांच्याकडे नुसते बघत राहत आणि जिभेवर आलेलं उत्तर गिळत.

तर अशा या शाळेत १९३७ सालच्या शरदात डब्लिनहून एक परिपत्रक आलं. मास्तरांनी ते भक्कम फळीवर उभं राहून वाचलं, मग लहान खोलीत जाऊन मिस मॅकमॉरोंना दाखवलं. मिस मॅकमॉरो लहान वर्गांना शिकवत. सायकलवरून येत आणि मनात येईल ते बोलून टाकत.

"मोठ्या वर्गांचे निबंध बंद," मास्तर म्हणाले. "मुलांनी म्हाताऱ्या माणसांकडे जायचं आणि जुन्या गोष्टी लिहून आणायच्या. जुनी औषधं, हवेच्या खुणा, पुरलेली धनं, भुतं, लग्नं, सगळं. चांगल्या असतील त्या मोठ्या वहीत सुवाच्य उतरवायच्या आणि डब्लिनला पाठवायच्या."

"आणि म्हाताऱ्यांनी थापा मारल्या तर?"

"जसं सांगतील तसं लिहा असा हुकूम आहे. खाली सांगणाऱ्याचं नाव आणि वय घालायचं."

"मग थापही त्याचीच," मिस मॅकमॉरो म्हणाल्या. "आपलं काय जातंय?"

द्रमशॅनीत म्हणण्यासारखी म्हातारी माणसं दोन. होनोर टीग एक्याऐंशीची, मॅलकी फ्लड चौऱ्याऐंशीचा. दोघांच्या दारांमध्ये एक अरुंद बोळ, आणि दोघांचं बोलणं तेवीस वर्षं बंद. कशावरून बंद झालं ते दोघांपैकी कुणालाच धड सांगता येत नसे, पण बंद ठेवण्यात कुणी कसूर केली नव्हती. आजवर या दोघांचं बोलणं ऐकायला कुणाला वेळ नव्हता. मॅलकीने तोंड उघडलं की त्याचा पुतण्या गाईला पाणी पाजायला उठे. आणि आता एकाएकी, सरकारच्या हुकमाने, वह्या-पेन्सिली घेतलेली पोरं दारात रांग लावून उभी.

पहिल्या आठवड्यात पोरं होनोरकडे जास्त गेली, कारण तिच्याकडे गोष्टीबरोबर जॅम लावलेला पाव मिळे. मॅलकीने बोळापलीकडून दोन दिवस हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याने दुकानातून पेपरमिंटच्या गोळ्यांची अख्खी पुडी आणली आणि ती खिडकीत, दिसेल अशी, ठेवली. लगेच रांग वळली. मग होनोरने पावावर लोणीही लावलं.

गोष्टींचंही तसंच झालं. होनोरने डांग्या खोकल्यावर औषध सांगितलं: पोराला गाढवाच्या पोटाखालून तीनदा काढायचं. हे तसं सगळ्यांना ठाऊक होतं. मॅलकी म्हणाला, पांढऱ्या घोड्यावरचा माणूस रस्त्यात भेटला तर त्याला औषध विचारायचं, तो जे सांगेल ते लागू पडतंच. हेही ठाऊक होतं. पण मग त्याने आवाज बारीक केला. "लिही. तरुणपणी माझ्याकडे पांढरा घोडा होता. लोक मला रस्त्यात थांबवून विचारायचे. मी एकाला सांगितलं, बेडकाला दूध पाज आणि उरलेलं पोराला दे. एकाला म्हटलं, सासूची टोपी चुलीत घाल."

"बरी झाली का पोरं, मॅलकी आजोबा?"

"सगळी. आणि सासू पण गप्प झाली."

होनोरने उत्तर म्हणून अशी गाय काढली, जी तळं पोहून पलीकडच्या जिल्ह्यात गेली आणि वर्षाने परत आली तेव्हा तिचं हंबरणं बदललं होतं. कुणाला ती काय म्हणते तेच कळेना. मास्तर रोज संध्याकाळी या वह्या तपासत, शुद्धलेखनाच्या चुका काढत आणि गाईपाशी आले की डोक्याला हात लावत. पण खरं सांगायचं, तर नऊ वर्षांत पहिल्यांदाच वह्या वाचताना त्यांना झोप येत नव्हती.

सहावीत डिम्पना रूनी नावाची मुलगी होती. बारा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि अक्षर असं की छापलेलं वाटावं. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी ती वर्गात उभी राहिली आणि तिने आपला पाठ मोठ्याने वाचला.

"पुरलेलं धन. सतराशे अठ्ठ्याण्णव साली फ्रेंच सैन्य किनाऱ्यावर उतरून आपल्या गावावरून पुढे लढाईला गेलं. त्यांच्या खजिनदाराच्या घोड्याचा पाय मुरगळला. इंग्रज मागे होते म्हणून त्याने मोहरांनी भरलेलं मडकं पऱ्यांच्या काटेरी झाडाखाली पुरलं. तो परत आला नाही. पुढे ते झाड तोडलं आणि त्या जागी आपली शाळा बांधली. मडकं अजून तिथेच आहे. सांगणारी, होनोर टीग, वय एक्याऐंशी."

वर्गातल्या अकराच्या अकरा मुलांनी एकदम खाली पाहिलं.

"छान," मास्तर तिच्या वहीत डोकावून म्हणाले. "'खजिनदार'मधला 'जि' ऱ्हस्व. बस खाली."

जेवणाच्या सुट्टीत निम्मी मुलं घरी पळाली. दुपारी तीनपर्यंत बातमी लोहाराकडे होती, चारपर्यंत दुकानात, आणि पाच वाजता मॅलकी फ्लडच्या घरी. त्याने डिम्पनाला बोलावणं धाडलं.

"झाड?" तो कडाडला. "कसलं झाड? शाळेच्या जागी माझ्या मामाची डुकरं होती! मी स्वतः त्यांना उकडलेले बटाटे घालायचो!"

डिम्पनाने वही उघडली, पेन्सिल ओली केली आणि लिहिलं, 'डुकरं'. तिचा चेहरा इतका पडला की मॅलकीला बघवेना. शिवाय डुकरांवर होनोरला हरवता येणार नाही, हे त्याच्याही ध्यानात आलं.

"थांब," तो म्हणाला. "खोड ते. मडकी दोन होती. मोठ्या खोलीखाली एक, ते तिला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. पण दुसरं, जास्त मोठं, लहान खोलीखाली आहे. लिहिलंस? जास्त मोठं."

शुक्रवारी सकाळी मास्तर शाळेचं कुलूप काढत होते तेव्हा बार्टली मॅकगर्न मागे येऊन उभा राहिला. बार्टली गावचा लोहार, दोन मुलांचा बाप. नऊ वर्षांत शाळेकडे फिरकला नव्हता.

"मास्तर," तो टोपी काढून म्हणाला, "जमीन फार खराब झालीय हो."

मास्तर किल्ली हातात धरून वळले. "झालीय खरी."

"लेकरांच्या पायांना इजा होईल एखाद्या दिवशी. माझ्या जिवाला लागून राहिलंय. रात्री डोळ्याला डोळा नाही."

"कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून," बार्टली म्हणाला. माणूस मुळात सरळ. "उद्या शनिवार आहे. आम्ही चार जण येऊन बघतो म्हणतो."

शनिवारी चार नाही, एकतीस जण आले. मास्तर आणि मिस मॅकमॉरो दारात उभे राहून बघत होते. जमीन दुरुस्त करायची म्हणजे हातोडी लागते, करवत लागते, खिळे लागतात. एकतीस माणसांत मिळून एक हातोडी नव्हती. फावडी मात्र एकतीस होती, शिवाय सहा कुदळी आणि एक ढकलगाडी.

"ढकलगाडी कशाला रे?" मास्तरांनी विचारलं.

"माती न्यायला," एक जण म्हणाला.

"मातीच न्यायला," दुसऱ्याने घाईने दुजोरा दिला.

सोन्याचा 'स' कुणाच्या तोंडून निघेना. जो तो पाया कसा कच्चा आहे, ओल कशी वर चढते, हेच एकमेकांना सांगत होता. एवढ्यात कॅनन प्रंटींची मोटार फाटकाशी येऊन थांबली. कॅननच्या अंगात जुना कोट होता आणि पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट.

"पाया तपासतायत असं कानावर आलं," कॅनन म्हणाले. "उत्तम. उत्तम. फक्त एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात असू द्या. शाळेची जागा चर्चची आहे. तेव्हा शाळेखालचं जे काही असेल, तेही चर्चचं."

एकतीस फावडी जमिनीवर टेकली. बार्टली पुढे झाला. "फादर, निम्मं."

"निम्मं कशाचं रे?"

"जे नाहीच, त्याचं."

कॅनन विचारात पडले. मास्तर गिलरेन यांना आयुष्यात फार वेळा नेमक्या क्षणी नेमकं सुचलं नव्हतं, पण त्या सकाळी सुचलं. ते उंबऱ्यावर आडवे उभे राहिले.

"फादरांचं म्हणणं मला पटतं," ते म्हणाले. "खालचं चर्चचं. म्हणजे वरचंही चर्चचंच. तर आज ज्या फळ्या उपटल्या जातील, त्या जागी पुन्हा कुणी घालायच्या?"

सगळे कॅननकडे बघू लागले. कॅनन मास्तरांच्या खांद्यावरून आत, खिडकीखालच्या त्या दोन फळ्यांकडे बघत होते.

"चर्च घालील," ते म्हणाले.

"नव्या?"

"नव्या."

"दोन्ही खोल्यांत?"

"अरे हो, थेडी, दोन्ही! आणि जे नाही त्यातलं निम्मं या लोकांना! आता बाजूला हो!"

"फादर," मिस मॅकमॉरो म्हणाल्या. त्यांच्या हातात कागद होता, त्यावर सगळं आधीच लिहिलेलं होतं, आणि दुसऱ्या हातात टाक. "इथे सही."

मग जे काही झालं त्याला दुरुस्ती म्हणणं अवघड आहे. अर्ध्या तासात दोन्ही खोल्यांतल्या फळ्या अंगणात होत्या. निम्म्या तर हातात घेताच भुगा झाल्या. बाकं भिंतींना लावली, आणि माणसं आळीपाळीने खाली उतरून खणू लागली. बायका चहाच्या किटल्या आणि सोड्याचा पाव घेऊन आल्या आणि खड्ड्याच्या काठावर बसून, कुणाचा नवरा हळू खणतो, ते मोठ्याने सांगू लागल्या. होनोर टीगला खुर्ची दिली होती. मॅलकी फ्लडलाही दिली, पण दुसऱ्या खोलीत.

फळ्यांच्या फटींतून पन्नास वर्षांत खाली गेलेलं सगळं वर यायला लागलं. पाटीवरच्या पेन्सिलींचे तुकडे घमेलंभर. गोट्या, बटणं, निबा. एका कोंबडीचा पूर्ण सांगाडा, जिचा कुणालाच उलगडा झाला नाही. आणि दुपारी दोनच्या सुमाराला बार्टलीच्या फावड्याला काहीतरी खट्‌कन लागलं.

सगळे थांबले. कॅनन खड्ड्यात वाकले ते पडायलाच आले होते, दोघांनी त्यांचा कोट धरला. बार्टलीने हाताने माती बाजूला केली, ती वस्तू उचलली, बाहीला पुसली, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

ती कवळी होती. वरच्या दातांची, अखंड.

"बोहन मास्तर," बार्टली पुटपुटला.

बोहन मास्तर म्हणजे गिलरेन यांच्या आधीचे हेडमास्तर. आता नऊ वर्षं चर्चच्या मागे पुरलेले. १९११ साली एका सकाळी त्यांची टेबलावर काढून ठेवलेली कवळी नाहीशी झाली होती. त्यांनी सहावीच्या वर्गावर चोरीचा आळ घेतला आणि कवळी परत मिळेपर्यंत रोज एकेकाला पाच छड्या, अशी शिक्षा लावली. कवळी मिळाली नाही. छड्या उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत चालल्या. त्या वर्गातले सात जण आत्ता या खड्ड्यात, चाळिशीला टेकलेले, हातात फावडी घेऊन उभे होते.

"मी म्हणालो होतो!" त्यातला एक ओरडला. "मी म्हणालो होतो ना, ती टेबलावरून पडली असेल, फटीतून गेली असेल! तर मला दहा मारल्या!"

"मला वाटायचं तूच घेतलीस," दुसरा म्हणाला.

"सव्वीस वर्षं तुला असं वाटत होतं?"

"मी तुझ्या लग्नाला त्यामुळेच आलो नाही."

सातही जण वर आले. त्यांनी आपापसात काही खलबत केलं, आणि मग चिखलाने माखलेले, खांद्यावर फावडी टाकून, एका रांगेत चर्चच्या दिशेने चालू लागले. मास्तर घाबरून मागे धावले. पण त्या लोकांनी काही वावगं केलं नाही. ते बोहन मास्तरांच्या थडग्यापुढे टोप्या काढून उभे राहिले. बार्टलीने कवळी दगडावर ठेवली आणि घसा साफ केला.

"मास्तर, ही घ्या तुमची कवळी. आम्ही घेतली नव्हती. एवढंच सांगायचं होतं." वळता वळता तो म्हणाला, "आणि अपूर्णांक अजून येतात आम्हाला. त्याबद्दल आभार."

मास्तर गिलरेन तिथूनच मागे वळले. शिक्षकाला असं कुणी जिवंतपणी म्हणत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळपर्यंत मोठ्या खोलीतला खड्डा छातीइतका झाला. लहान खोलीत तर पाणीच लागलं. छोटासा झरा होता तिथे. पन्नास वर्षं शाळेला ओल का येते त्याचं कारण सापडलं, पण मडकं सापडलं नाही. अंधार पडला, माणसं घरी गेली, जाताना कुणी कुणाकडे बघेना. कॅनन मोटारीत बसताना म्हणाले, "फार खोल पाया आहे, थेडी. फारच खोल."

सोमवारी सकाळी पाऊस. चौतीस मुलं आली, पण बसायला जमीन नव्हती. हजेरी तर शाळेच्या आतच घ्यायला हवी, तसा नियम. मुलांना खड्ड्याच्या काठावर पाय खाली सोडून बसवलं. मास्तर भिंतीच्या कडेकडेने जात होते, तेवढ्यात हजेरीचं पुस्तक हातातून निसटलं आणि खाली गेलं. ते काढायला मास्तर खड्ड्यात उतरले. उतरले ते उतरले. वर चढता येईना, तेव्हा म्हणाले, इथूनच घेऊ. छातीपर्यंत जमिनीत उभे राहून ते नावं पुकारू लागले. आणि 'रूनी, डिम्पना'पाशी आले तेव्हा दारात एक अनोळखी माणूस छत्री मिटत होता. काळा कोट, चामड्याची बॅग. सरकारी इन्स्पेक्टर. न कळवता आलेले.

इन्स्पेक्टरसाहेबांनी काठावरच्या चौतीस मुलांकडे पाहिलं. मग मास्तरांच्या डोक्याकडे.

"हे काय चाललंय?"

मास्तरांच्या मनात नऊ वर्षांची नऊ पत्रं येऊन गेली. तोंडातून भलतंच निघालं.

"भूगोल, साहेब."

"कुठला?"

"खालचा."

"अस्सं." साहेब पुढे आले. "सांगा बरं."

मास्तरांनी हातातल्या खडूने खड्ड्याच्या भिंतीवर रेघ मारली. "ही वरची काळी माती. त्याखाली ही पिवळी, चिकण. त्याखाली हे बारीक गोटे."

"आणि त्याखाली?"

"त्याखाली मी, साहेब."

साहेबांनी वही काढून काहीतरी टिपलं. "कल्पना नामी आहे. तळापासून शिकवणारा शिक्षक मी पहिल्यांदा बघतोय." मग ते डिम्पनाकडे वळले. "तू काय शिकलीस या पाठातून, मुली?"

डिम्पनाला खोटं बोलता येत नसे. "की बोहन मास्तरांची कवळी कुणी चोरली नव्हती, साहेब. आणि सोनं अजून सापडलेलं नाही."

खड्ड्यातून एक बारीक कण्हणं ऐकू आलं. साहेबांनी डिम्पनाची वही मागून घेतली आणि दोन्ही पाठ वाचले, एकदा भरभर आणि एकदा सावकाश. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"यात दुसरं मडकं लहान खोलीखाली म्हटलंय," ते सहज विचारल्यासारखं म्हणाले. "तिथे किती खोल गेलात?"

"पाणी लागेपर्यंत," मिस मॅकमॉरो दारातून म्हणाल्या.

"पाण्याखाली पाहिलंत?"

"नाही, साहेब."

इन्स्पेक्टरसाहेबांनी बॅग एका बाकावर ठेवली. तिच्यावर कोट घडी करून ठेवला. मग बूट, मोजे, आणि पँट गुडघ्यापर्यंत वर. चौतीस मुलं आवाज न करता लहान खोलीच्या दारात गोळा झाली. मोठ्या मुलांनी मास्तरांना हात देऊन वर काढलं, त्यांनाही हे चुकवायचं नव्हतं. साहेब गार पाण्यात उतरले, 'आऽऽ' म्हणाले, बाह्या सरसावल्या आणि खांद्यापर्यंत हात घालून चाचपू लागले.

"लागलं!" ते एकदम ओरडले. "काठ लागला! गोल आहे! जड आहे! दोर आणा!"

दोर आला, बार्टली आला, बार्टलीच्या मागे अर्धं गाव आलं. ओढून ओढून वर काढलं. ते मडकं नव्हतं. ते डुकरांना खायला घालायचं दगडी कुंड होतं.

मॅलकी फ्लड गर्दीतून काठी टेकत पुढे आला. त्याने कुंडावरून हात फिरवला.

"मामाचं," तो म्हणाला. डोळे भरून आले होते त्याचे. "मी म्हणालो होतो, डुकरं होती. या पोरीने खोडलं ते."

"तुम्हीच खोडायला सांगितलंत!" डिम्पना म्हणाली.

साहेबांना कॅननच्या घरी नेऊन चुलीपाशी बसवलं, गरम व्हिस्की दिली. कॅननचा त्या वेळी असा समज झाला की इन्स्पेक्टर जमिनीची पाहणी करून गारठले आहेत. मास्तरांनी तो गैरसमज काढला नाही. मंगळवारी लाकूड मागवलं गेलं. झऱ्याचं पाणी चर खणून बाहेर काढून दिलं, खड्डे गोट्यांनी भरले, आणि ज्यांनी खणलं होतं तेच एकतीस जण, या वेळी हातोड्या घेऊन, पंधरा दिवस राबले. कागदावर कॅननची सही होती आणि मिस मॅकमॉरोंनी तो कागद चौकटीत घालून भिंतीला लावला होता. तेवढे दिवस शाळा कॅननच्या तबेल्यात भरली. कॅननची घोडी भूगोलाच्या तासाला फुरफुरे, बाकी तासांना गप्प.

जमीन झाली तेव्हा सुतार म्हणाला, नव्या फळ्या नीट बसायच्या तर त्यांच्यावर चांगली धमाधम व्हायला हवी. गावाला नाचाची परवानगी द्यायला कॅनन कधीच तयार नसत. पण ही धमाधम सुताराने सांगितलेली होती. त्यामुळे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, भर दुपारी, व्हायोलिन आणि बासरी वाजवणाऱ्यांना बोलावून द्रमशॅनीच्या शाळेत जमीन बसवण्यात आली. कॅनन पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आले, मध्यभागी उभे राहिले, टाचा उचलून दोनदा खाली आपटल्या, आणि जणू सगळी त्यांचीच कल्पना होती असे हसले.

होनोर टीग बार्टलीचा हात धरून एक अख्खा फेर नाचली. समोरच्या भिंतीशी बसलेल्या मॅलकीने डिम्पनाला जवळ बोलावलं.

"जा, तिला सांग, डावा पाय उशिरा पडतोय."

डिम्पना खोली ओलांडून गेली, सांगितलं, आणि उत्तर घेऊन परत आली. "त्या म्हणतात, ज्याला चौऱ्याऐंशी वर्षांत कुणी नाचायला विचारलं नाही, त्याला डावा काय आणि उजवा काय."

"सांग तिला, विचारलं होतं. मीच नाही म्हणालो."

डिम्पना गेली आणि आली. "त्या म्हणतात, कोणी विचारलं होतं, नाव सांगा."

"सांग तिला—"

"नाही," डिम्पना म्हणाली आणि जमिनीवर फतकल मारून बसली. "तुमचं तुम्ही बोला. माझे पाय दुखले."

मॅलकीने इकडे तिकडे पाहिलं. दुसरं पोर जवळ नव्हतं. वाजंत्री नेमकी सूर लावायला थांबली होती. त्याने काठीवर दोन्ही हात ठेवले आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं ओरडला, "तूच विचारलं होतंस, होनोर टीग!"

"खोटं!" होनोर तितक्याच जोरात ओरडली. "मी तुझ्या भावाला विचारलं होतं! तू मध्ये उभा होतास!"

तेवीस वर्षांचं साठलेलं होतं. व्हायोलिनवाल्याने दोनदा सुरुवात करून पाहिली आणि सोडून दिलं. लोक चहा पीत, पाव खात, मजेत ऐकत बसले. तासाभराने होनोरचा घसा बसला तेव्हा मॅलकीने खिशातून पेपरमिंटची गोळी काढून तिला दिली आणि मग पुन्हा दोघं सुरू झाले.

उजेड होता तोवर मास्तर होनोरला घरापर्यंत सोडायला निघाले. रस्ता ओला होता, ती त्यांच्या दंडाला धरून चालत होती. मास्तरांना बरेच दिवस एक गोष्ट विचारायची होती. मोठ्या वहीत डिम्पनाचा पाठ उतरवायचा होता, आणि त्यांना वाटत होतं की म्हातारीने हे सगळं जाणूनबुजून, शाळेसाठी, पोरांच्या पायांसाठी रचलं. त्यांनी मनात तिच्या शहाणपणाला हात जोडले होते.

"होनोर आजी," ते म्हणाले, "खरं सांगा. ते झाड, तो खजिनदार, ते मडकं. जमीन नवी व्हावी म्हणूनच सांगितलंत ना?"

होनोर थांबली. त्यांच्याकडे नवलाने बघू लागली.

"कसली जमीन? मला काय ठाऊक तुमच्या जमिनीचं? मी पन्नास वर्षांत आत पाऊल टाकलं नव्हतं."

"मग?"

"अहो मास्तर, फ्रेंच इथून गेले, ते मी आजीकडून ऐकलेलं. तेवढं सांगितलं. पोरीने लिहिलं आणि तोंड पाडून बसली. म्हटलं, काय गं झालं? तर म्हणाली, मास्तरांनी बजावलंय, पान भरायलाच पाहिजे, आणि माझ्या अजून सहा ओळी कोऱ्या आहेत. बाहेर अंधारून आलेलं. घरी जायचं होतं तिला. म्हटलं, बरं, घाल एक मडकं."

मास्तर रस्त्यातच उभे राहिले. मग ते हसू लागले, असे हसले की होनोरला त्यांचा दंड सोडून कुंपण धरावं लागलं. त्यांनी डोळे पुसले, तिला दारापर्यंत नेलं, आत चुलीत टर्फच्या, म्हणजे जळणाच्या वाळक्या मातीच्या, दोन विटा सारून दिल्या आणि घरी परत आले. टेबलाशी बसून त्यांनी मोठी वही उघडली, डिम्पनासाठी पेन्सिलीने ओळी आखल्या, आणि त्या पानावर सहा ओळी जास्तच आखल्या.